जपण्याचे ढोंग

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. विळा, कोयता, पाना, शिवणयंत्र, अलीकडे संगणकसुद्धा. ज्याच्यावर घर चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडायचे, असा या प्रथेचा साधा अर्थ आहे. पहूरच्या आमच्या घरात या रांगेत एक गिटारही मांडली जाते. तिला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दुसऱ्या दिवशी सोने लुटून झाले की ती पुन्हा कपाटामागे जाते. विळा पूजेनंतर शेतात जातो. गिटार कोठेच जात नाही. ही विसंगती मला अनेक वर्षे दिसत होती आणि मी ती न पाहिल्यासारखे करीत होतो.

गिटार ठेवावी की विकावी, हा प्रश्न वरवर पाहता खाजगी आणि क्षुल्लक आहे. मात्र मी तो चारचौघांत काढला तेव्हा ज्या तावातावाने सल्ले आले, त्यावरून तो तितका क्षुल्लक नसावा अशी शंका येते. सल्ल्यांचे दोन पंथ होते. पहिला म्हणाला, 'वाद्य म्हणजे सरस्वती, ती विकतात का?' दुसरा म्हणाला, 'वर्षभर हात लागला नाही ना, मग काढून टाक, घर मोकळे होईल.' हे दोन्ही पंथ एकच चूक करतात असे माझे म्हणणे आहे. दोघेही वाद्याला वस्तू समजतात. एक पूजेची, दुसरा अडचणीची. वाजणे हा वाद्याचा धर्म आहे, हे दोघांच्याही हिशेबात येत नाही.

आधी पहिल्या पंथाचा समाचार घेतो, कारण मी स्वतः त्याचा जुना अनुयायी आहे. या पंथाला 2010 सालापासून एक भारदस्त शब्द मिळाला आहे: समृद्ध अडगळ. भालचंद्र नेमाडे आमच्याच जिल्ह्यातील सांगवीचे. त्यांच्या 'हिंदू' या कादंबरीच्या शीर्षकातील हे दोन शब्द आज असे वापरले जातात की, माळ्यावरचा कोणताही पसारा त्यांच्याखाली खपून जावा. फुटका रेडिओ, बंद घड्याळ, न वाचलेले ग्रंथ, सगळे समृद्ध! कादंबरीचा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, याचा सोयीस्कर विसर पडतो. उत्खनन करणारा माणूस अडगळीवर चादर टाकून बसत नाही. तो थर मोजतो, खापर कशाचे ते ठरवतो, निवडतो आणि नाकारतो. अडगळ समृद्ध होते ती या कष्टाने. नुसती साठवली तर ती अडगळच राहते.

शिवाय 'ठेवणे' म्हणजे काहीच न करणे, हा समजही खोटा आहे. पोलादी तारांची गिटार सुरात लावली की सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे 70 किलोग्रॅमच्या घरात जातो. एवढे ओझे ती कपाटामागेही अहोरात्र पेलत असते. हळूहळू मान वाकते, तारा पडद्यांपासून वर उठतात, पेटीचा दर्शनी भाग ब्रिजपाशी फुगतो. त्यात आमचे खानदेशी हवामान. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि कोरड्या हवेत लाकूड आक्रसते. पावसाळ्यात तेच लाकूड ओल पिऊन फुगते आणि तारांना गंज चढतो. वाजवणाऱ्याच्या हाताला हे बिघाड पहिल्या दिवशी कळतात. पूजा करणाऱ्याला ते दहा वर्षांनी कळतात. तेव्हा 'मी गिटार जपून ठेवली आहे' या वाक्याचा खरा अर्थ 'मी ती सावकाश मोडतो आहे' असा होतो.

येथे एक तिसरा आवाज उठतो, तो देशीवाद्यांचा. गिटार परकी, तिचे पहुरात काय काम, ती धूळ खाणारच! हा युक्तिवाद आकर्षक आहे आणि साफ चुकीचा आहे. गावोगावच्या भजनी मंडळांत जी पेटी वाजते तिचे कुळ कोणते? 1842 साली पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ याने पेटंट घेतलेले हे वाद्य. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला पायाच्या भात्यातून सोडवून मांडी घालून बसणाऱ्यांसाठी हातभात्याचे केले. मराठी रंगभूमीने त्याला घरचे केले, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी त्याला प्रतिष्ठा दिली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिला हद्दपार केले आणि ती बंदी सैल व्हायला 1971 उजाडले. त्या तीस वर्षांत एकाही गावातले भजन थांबले नाही. पेटी टिकली, कारण तिच्याभोवती माणसे बसत होती. एकादशीला ती लागत होती, सप्ताहात लागत होती. एकाचा हात थकला की दुसरा पुढे सरकत होता.

गिटारीच्या वाट्याला आमच्याकडे ही बैठक आली नाही. ती आली चित्र म्हणून. 1973 साली 'यादों की बारात'मध्ये झीनत अमानच्या हाती ती दिसली, 1988 साली 'कयामत से कयामत तक'मध्ये आमिर खानच्या. ज्या गोव्याच्या वादकांनी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत आयुष्य घालवले, त्यांच्या वस्तीत गिटार हे वाद्य होते. आमच्यापर्यंत तिचे छायाचित्र पोचले. मीही 2003 साली पुण्यात पहिल्या पगारातून गिटार घेतली तेव्हा वाद्य घेतले नव्हते. एक प्रकारचा माणूस होण्याचे आश्वासन विकत घेतले होते. चार सूरसंगती आणि दीड गाणे यापुढे ते आश्वासन गेले नाही. पुढे गावी परतलो, शेतीत गुंतलो, गिटार माझ्यामागून आली आणि उभी राहिली.

मला वाटते, न विकण्यामागचे खरे कारण येथे आहे. सरस्वती, आठवण, पहिला पगार ही सगळी सभ्य पांघरुणे. गिटार विकली की आपण तो माणूस झालो नाही, होणारही नाही, याची कबुली द्यावी लागते. ती घरात आहे तोवर खटला चालू राहतो आणि निकाल टळतो. एका निर्जीव वाद्याला आपल्या अपुऱ्या आयुष्याचा जामीन ठेवणे, याला मी प्रेम म्हणायला तयार नाही.

दुसऱ्या पंथाचा समाचार थोडक्यात पुरे. मारी कोंडो या जपानी बाईंनी वस्तू हातात धरून 'हिने आनंद होतो का?' असे विचारायला जगाला शिकवले. साडीबद्दल किंवा कपबशीबद्दल हा प्रश्न ठीक आहे. वाद्याबद्दल तो उलटा आहे, कारण वाद्य मालकाला काय देते हे मालकाने वाद्याला काय दिले यावरच ठरते. आणि 'मोकळ्या घरा'च्या हौसेपायी ती रद्दीच्या भावाने कोणाच्याही गळ्यात मारली, तर फक्त कपाट बदलेल.

आमच्या गावाने हा धडा एकदा गिरवला आहे. पाचोरा-जामनेर ही अरुंदमापी रेल्वे पहूरवरून जात असे. 'पीजे'वर आमचे केवढे प्रेम! आणि घाई असली की आम्ही एसटीचा फाटा गाठत होतो. 2020च्या टाळेबंदीत ती थांबली आणि त्या रूपात पुन्हा धावली नाही, तेव्हा सर्वांत मोठ्याने हळहळलो ते वर्षानुवर्षे तिच्यात पाऊल न ठेवलेले आम्हीच. गरिबाच्या, शाळकरी पोराच्या तिकिटाने जी गाडी चालत होती, तिच्या आठवणींची मालकी मात्र आम्ही घेतली.

कोणी म्हणेल, वडिलांची पेटी असेल, गेलेल्या भावाची बासरी असेल तर? आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. एवढेच म्हणेन की वडील पेटी वाजवीत असत, तिला फूल वाहून थांबत नसत. त्यांची आठवण ठेवायची तर घरात कोणीतरी भात्याला हात घालावा, चुकतमाकत का होईना. ते जमत नसेल तर ती भजनी मंडळात असलेली त्यांना अधिक आवडली असती.

मी माझी गिटार विकणार आहे. मोबाइलच्या दुकानात काम करणारा गावातलाच एक मुलगा पडद्यावर पाहून शिकतो आहे. उसनी गिटार आणतो आणि परत करतो. त्याच्याकडून पैसे घेणार आहे, थोडे, पण घेणार आहे. फुकट दिले की ते उपकाराचे होते, आणि उपकाराची वस्तू माणूस मोकळेपणाने आपटत, घासत, चुकवत वापरीत नाही. आधी मात्र नव्या तारा चढवून, तिची वाकलेली मान जाणकाराकडून सरळ करून घ्यायची आहे. तो खर्च माझ्याकडे लागतो.

यंदाच्या खंडेनवमीला आमच्या रांगेत विळा असेल, कोयता असेल, पाना असेल. गिटार त्याच्या घरच्या रांगेत असेल, आणि तिच्यावर फूल ठेवायला त्याला आधी ती मांडीवरून खाली ठेवावी लागावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.