बापाला नवी, मुलाला जुनी

माझी सासुरवाडी बिदर जिल्ह्यातली, बसवकल्याणच्या बाजूची. गोव्याहून तिथे पोहोचेपर्यंत पाठीचा भुगा होतो, पण कन्नड-उर्दूची फोडणी दिलेली ती मराठी कानावर पडली की शीण जातो. असो. गेल्या खेपेला अंगणात दोन गाड्या दिसल्या. एक मेव्हण्यांची, दोन वर्षांपूर्वी घेतलेली, सहा एअरबॅगवाली. दुसरी पांढरी मारुती ८००, एमएच-२४, म्हणजे लातूरची. पंचेचाळीस हजारांत मिळालेली. ती कुणासाठी? तर नुकती अठरा पूर्ण झालेल्या भाच्यासाठी.

"शिकू द्या की दाजी जुनीवर. ठोकली तरी जीव हळहळत न्हाई," मेव्हणे म्हणाले.

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. पत्र्यासाठी जीव हळहळणार नाही हे कबूल, पण आत बसणार कोण?

८०० बद्दल मला राग नाही. डिसेंबर १९८३ मध्ये ती रस्त्यावर आली आणि आमच्यासारख्या कारकुनांनाही मोटारीचं स्वप्न पडू लागलं. पण तिचं उत्पादन २०१४ साली थांबलं. म्हणजे सर्वांत तरुण ८०० सुद्धा आज दहा वर्षांच्या वर गेली. तिच्यात एअरबॅग नाही, एबीएस नाही. चालकापुढची एअरबॅग नव्या मोटारींना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. आणि २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने ताशी ६४ किलोमीटर वेगाने आपल्या छोट्या गाड्या आदळून पाहिल्या, तेव्हा ८०० च्या कितीतरी नंतर आलेल्या अल्टोलाही एकही तारा मिळाला नव्हता!

आता घरचा हिशेब बघा. पंचवीस वर्षं गाडी हाकलेल्या बापाकडे सहा एअरबॅग, आणि ज्याला क्लच कधी सोडायचा ते अजून कळत नाही त्याच्याकडे नुसता पत्रा. याला आपण काटकसर म्हणतो. आणि रस्ता कुठला? हुमनाबादवरून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग. उसाच्या हंगामात रात्री तिथे ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि मागचा दिवा असला तर नशीब.

"मग काय बुलेट घेऊन देऊ?" मेव्हण्यांनी विचारलं. हा सवाल खरा आहे, तो मी टाळत नाही. मोटरसायकलपेक्षा ८०० बरीच. आपल्याकडे फोंडा-म्हापशातले बापही हेच म्हणतात, आणि तेवढ्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. पण दारात तिसरी, चांगली गाडी उभी असताना या दोनच पर्यायांत निवड का करायची?

कागदांचं म्हणाल तर तिथे माझा धंदाच आहे, म्हणून बोलतो. गाडी अजून लातूरच्या मालकाच्या नावावर. सही केलेले कोरे फॉर्म २९-३० डॅशबोर्डच्या खणात, एनओसीचा पत्ता नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे लातूरच्या त्या भल्या माणसाची झोप उडवण्याची सोय आम्ही करून ठेवली होती. विमा फक्त थर्ड पार्टीचा. तो समोरच्याला पैसे देईल, भाच्याच्या मोडक्या पायाला नाही.

त्यात भाचा मोठ्या कौतुकाने सांगू लागला की शेताच्या वाटेवर तो सोळाव्या वर्षापासून चालवतोय. मेव्हणे हसले. मी मात्र कलम १९९अ काढलं: २०१९ पासून अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. वहिनींनी चहा पुढे केला, बहुधा मला गप्प करायला.

माझं मागणं साधं होतं. पोराला नव्या गाडीवर शिकवा, बाजूला स्वतः बसा, सहा महिने रात्रीचा महामार्ग बंद. जुनी तुम्ही घ्या, बाजारात आणि शेताकडे जायला. ओरखडा पडला तर पडू द्या, त्याला विमा आहे.

दुसऱ्या दिवशी हुमनाबादला जाताना नवीच गाडी काढली. स्टिअरिंगवर भाचा, बाजूला मेव्हणे. सारी वाट त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.