खपली, लोकवन आणि 'शुद्ध' हा शब्द

व्हॉट्सअॅपवर हल्ली आठवड्यातून एकदा तरी खपली गव्हाचा निरोप येतो. खपली म्हणजे आपल्या पूर्वजांचा मूळ, शुद्ध, भेसळ न झालेला गहू. लोकवन वगैरे म्हणजे माणसाने जनुकांची ढवळाढवळ करून बनवलेला, म्हणून तो बाधतो. शेवटी नमस्काराचे दोन हात आणि किलोचा भाव! भाव वाचून मात्र पूर्वजांची आठवण नक्की येते.

खपलीवर माझा राग नाही. सांगली-कोल्हापूर-बेळगावकडच्या माणसाला खपलीच्या खिरीचं कौतुक नव्याने सांगायला नको. राग आहे तो 'शुद्ध' या शब्दावर. जन्मभर मराठी शिकवलं, त्यामुळे शब्द चुकीच्या जागी बसलेला दिसला की हात लाल पेनाकडे जातो.

आता खपलीचं कुळ बघा. तिच्यात २८ गुणसूत्रं असतात. (शेवया-रव्याच्या बन्सीतही तेवढीच.) पण रानातल्या साध्या गवती गव्हात असतात १४. मग दुप्पट झाली कशी? माणूस शेती करायला लागण्याच्या लाखो वर्षं आधी, पश्चिम आशियात, एका रानगव्हाचा दुसऱ्या एका गवताशी संकर झाला. सात गुणसूत्रं याची, सात त्याची. अशा संकराला बी धरत नाही, कारण गुणसूत्रांना जोडीदारच नसतो. पण कधीतरी एखाद्या रोपात सगळा संचच दुप्पट होतो, प्रत्येकाला जोडी मिळते आणि बी धरतं. ही खपलीची पणजी. तिला माणसाने शेतात आणलं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी. पुढे कॅस्पियन समुद्राच्या बाजूला शेतातल्या या गव्हाचा तिसऱ्या एका गवताशी संकर झाला, पुन्हा संच दुप्पट झाला आणि ४२ गुणसूत्रांचा पोळीचा गहू जन्मला. ते तिसरं गवत कोणतं, हे १९४४ साली जपानच्या किहारांनी आणि अमेरिकेच्या मॅकफॅडन व सीअर्स यांनी शोधून काढलं. महायुद्ध चालू, दोन देश शत्रू, एकमेकांचा पत्ता नाही, आणि उत्तर एकच!

म्हणजे 'ढवळाढवळ' म्हणायचीच तर ती खपलीतही झालेली आहे, आणि प्रयोगशाळा तर सोडाच, ती माणसाच्याही आधीची. लोकवन ही गुजरातेतल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झालेली जात. तिच्या पोटातले तिन्ही संच मात्र हजारो वर्षं जुनेच.

२०१८ साली पोळीच्या गव्हाचा अख्खा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. त्यात जनुकं किती? १,०७,८९१. आपल्यात प्रथिनं बनवणारी जनुकं सुमारे वीस हजार. आपल्या ताटातली पोळी या हिशेबात आपल्या पाचपट! अर्थात त्यात पुष्कळशी एकाच जनुकाची तीन-तीन भावंडं आहेत.

या जादा प्रती कशाला, असा प्रश्न पडतोच. सुसुमु ओह्नो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं आहे: एक प्रत जुनं काम सांभाळते, म्हणून दुसरीला बदलायची मोकळीक मिळते. बहुतेक प्रती बिघडून बाद होतात, काहींना नवंच काम सापडतं आणि काही जणी जुनं काम वाटून घेतात. माझ्यासारखीला हे भाषेतून चटकन कळतं. 'गर्भिणी' आणि 'गाभण' हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार. आज पहिला बाईसाठी, दुसरा गाईसाठी. 'स्तन' आणि 'थान' यांचंही तेच. अदलाबदल करून बघा, म्हणजे काय होतं ते कळेल! भाषेला कोणी यासाठी अशुद्ध म्हणत नाही.

आणि आता ग्लूटेन, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले. ग्लूटेन हे एक प्रथिन नव्हे, ते एक मोठं एकत्र कुटुंब आहे. कोंबाला लागणारी शिदोरी म्हणून दाण्यात साठवलेली ही प्रथिनं. त्यांची जनुकं गुणसूत्रावर शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा नकलली गेली. त्यातल्या ग्लायडिनच्या एकाच शाखेत डझनावारी प्रती आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच बाद झालेल्या. या कुटुंबामुळेच कणीक ताणली जाते आणि पोळी फुगते. सातूत आणि राय धान्यात याच घराण्याची चुलत भावंडं आहेत, कारण मूळ पूर्वज एक.

सिलिअॅक रोग असलेल्यांचं शरीर या प्रथिनांच्या तुकड्यांवर चालून जातं आणि त्या लढाईत आतड्याचं अस्तर झिजतं. गव्हाचा हा दोष डच बालवैद्य डिके यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिला. त्यातला सर्वांत त्रासदायक तुकडा मुख्यतः त्या तिसऱ्या गवताकडून आलेल्या संचात असतो, जो खपलीत नाहीच. तेव्हा 'खपलीत ते कमी' हे अगदीच खोटं नाही. पण कमी म्हणजे शून्य नव्हे! उरलेल्या दोन संचांत याच कुटुंबाची बाकी मंडळी ठाण मांडून बसलेली आहेत, आणि सिलिअॅकच्या पोराला चिमूटभरही पुरतं.

आमच्या नात्यातल्या एका घरात (नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांना कळेलच) सात वर्षांच्या मुलीला हा रोग निघाला. वर्षभर पथ्य सांभाळून वजन वाढलं, गाल भरले. मग एका विक्रेत्याने आजीला छातीठोकपणे सांगितलं, खपली शुद्ध आहे, खुशाल द्या. आजीने प्रेमाने महिनाभर लापशी दिली. पोट पुन्हा बिघडलं, शाळा बुडली, रक्ततपासणीचे आकडे पुन्हा चढले. आजीला कोणी बोललं नाही, पण ती माउली अजून स्वतःला बोलते आहे. त्या विक्रेत्याला मात्र कोणी काही विचारलेलं नाही. विचारायला हवं, असं माझं मत आहे. खीर विका, चव विका, आमच्या भागाचं नाव विका, पण आजारी माणसाने औषधाच्या भाषेत प्रश्न केला तर जाहिरातीच्या भाषेत उत्तर देऊ नका.

त्या घरात आता ज्वारी, तांदूळ आणि नाचणी चालते. यांच्या दाण्यातही साठवणीची प्रथिनं असतात, पण त्यांची घडण वेगळी, त्यामुळे ती बाधत नाहीत. फक्त दळण गिरणीत नेत नाहीत, कारण त्याच जात्यातून आधी कोणाचा तरी गहू गेलेला असतो. घरघंटी घेतली आहे, आणि तिच्यात गहू टाकायला सक्त मनाई आहे. बिना मसाल्याचा निरोप आजीने पाठवलाय: भाकरी खायला या.