गंधाचा सापळा

स्प्रूस वृक्षाची साल पोखरणारा युरोपातील भुंगेरा जेमतेम पाच मिलिमीटरांचा! नर आधी शिरतो आणि गंध सोडून हजारो जातभाईंना पाचारण करतो. त्या झुंडीपुढे झाडाच्या राळेचे काही चालत नाही. १९७९ साली नॉर्वेत याच गंधाचे सुमारे सहा लाख सापळे लावले गेले आणि अब्जावधी भुंगेरे सापडले. आकडा डोळे दिपविणारा खरा. तथापि त्यायोगे अरण्ये वाचली, असे मला म्हणवत नाही. गंधाने शत्रूची चाहूल घ्यावी, हे उत्तम. परंतु भुंगेऱ्यांची पैदास वादळाने उन्मळलेल्या झाडांत होते (मैलोगणती एकटा स्प्रूसच लावणे म्हणजे तर त्यांना अन्नछत्रच!). नवी पिढी उडण्यापूर्वी ती झाडे वनातून हलविण्याचे कष्ट कोणताही सापळा वाचवीत नाही.