एकोणीस वर्षांची दंतकथा आणि १२५ वर्ग

१/ एक कथा पुन्हा पुन्हा फिरते. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने पंधराव्या वर्षी एक प्रचंड संख्या हाती घेतली, एकोणीस वर्षे हाताने आकडेमोड केली आणि १८७६ मध्ये ती मूळ संख्या असल्याचे दाखवले. संख्या खरी, सालही खरे. एकोणीस वर्षे मात्र हिशेबात बसत नाहीत.

२/ ती संख्या म्हणजे २ चा १२७ वा घात वजा १ :
१७०,१४१,१८३,४६०,४६९,२३१,७३१,६८७,३०३,७१५,८८४,१०५,७२७
मारँ मेर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्येच तिला मूळ म्हटले होते, पण सिद्धता दिली नव्हती. त्याच्या यादीतील ६७ आणि २५७ हे घात तर सपशेल चुकीचे निघाले.

३/ भागून पाहायचे म्हटले तर? या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला २५४ ने भागल्यास बाकी १ च उरते, एवढी सवलत आहे. ती घेऊनही वर्गमुळापर्यंत सुमारे पाच कोटी अब्ज उमेदवार उरतात. क्षणभरही न झोपता दर सेकंदाला एक भागाकार केला, तरी एकोणीस वर्षांत जेमतेम साठ कोटी होतात. म्हणजे त्या मार्गाने एकोणीस वर्षे फारच थोडी.

४/ ल्युकाच्या मार्गाने ती फारच जास्त. त्याची रीत १२७ या छोट्या संख्येवर (२ चा ७ वा घात वजा १) पाहावी. ३ घ्या. वर्ग करून २ वजा करा : ७. पुन्हा तेच : ४७. पुन्हा : २२०७, त्याला १२७ ने भागून बाकी ४८. पुढे २३०२, बाकी १६. पुढे २५४, बाकी शून्य. शून्य आले, म्हणून १२७ मूळ. घात ७, वर्ग पाच. घात १२७ असेल तर वर्ग १२५.

५/ एकोणचाळीस अंकी संख्यांचे १२५ वर्ग हे काम कंटाळवाणे खरेच. पण दिवसाला एक केला तरी चार महिन्यांत उरकते. मग एकोणीस वर्षे हवीत कोणाला? ज्यांना बुद्धीपेक्षा घामाची गोष्ट सांगायला सोपी वाटते त्यांना. फिबोनाचीच्या श्रेणीसारख्या श्रेणींतून निघालेली ही रीत ल्युकाने १८७८ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’च्या पहिल्याच खंडात विस्ताराने मांडली. दंतकथेत या रीतीचा मागमूसही नसतो. उरतो तो एक हट्टी हमाल.

६/ तिच्या सिद्धतेत उणिवा होत्या, हेही सांगितले पाहिजे. डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये त्या दूर केल्या.

७/ रीतीचे बळ ६७ व्या घातात दिसते. ती संख्या मूळ नाही, हे ल्युकाने १८७६ मध्येच एकही विभाजक न शोधता सांगितले. विभाजक मांडले फ्रँक कोल यांनी, ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यूयॉर्कमध्ये : १९३,७०७,७२१ आणि ७६१,८३८,२५७,२८७. आणि तरीही मेर्सेनची चूक पकडल्याचे श्रेय कधीकधी कोल यांच्याच नावावर लिहिले जाते.