छप्पर घालण्याआधी आपलं आभाळ बघा

होळी झाली की पुण्यातल्या फॅब्रिकेटरांचे फोन वाजायला लागतात. कुणाची गच्ची गळते म्हणून वर पत्रे टाकायचे असतात, कुणाला पेठेतल्या जुन्या घराची कौलं उतरवायची असतात, कुणी मुळशीकडे दोन गुंठे घेऊन छोटं घर बांधायला काढलेलं असतं. आणि बऱ्याच जणांच्या मोबाइलमध्ये एका देखण्या छपराचा फोटो असतो. तीव्र उताराचं, गडद करड्या रंगाचं, खवल्याखवल्यांचं. याला शिंगल्स म्हणतात, आता ते आपल्याकडेही मिळतात. टोरांटोला किंवा बॉस्टनला स्थायिक झालेला भाचा फोनवर सांगतो, "मामा, आमच्याकडे यावर तीस वर्षांची वॉरंटी देतात."

देत असतील. पण ती तिथल्या आभाळाखालची वॉरंटी आहे. तिथे छपराला काय सोसावं लागतं ते आधी समजून घ्या, म्हणजे त्यातलं आपल्याला काय लागू आहे आणि काय नाही हे आपोआप कळेल.

बर्फाच्या मुलखात छपराचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. ताजा बर्फ भुसभुशीत असतो, पण चार दिवस साचून दबला की त्याचं वजन घनमीटरला दोनशे-तीनशे किलोपर्यंत जातं. म्हणजे फूटभर थर साठला तर छपराच्या प्रत्येक चौरस मीटरवर साठ ते नव्वद किलो ओझं. शिवाय घरातली ऊब वर गळते, बर्फाचा खालचा थर वितळतो, ते पाणी घरंगळत थंड वळचणीपाशी येऊन पुन्हा गोठतं आणि तिथे बांध तयार होतो. त्यामागे अडलेलं पाणी मग छपराच्या आत शिरतं. म्हणून तिकडे शिंगल्सखाली चिकट जलरोधक थर घालतात, माळ्यावर जाड इन्सुलेशन भरतात, आणि जिथे गारांचा त्रास फारसा नसतो तिथे बरेच लोक सरळ धातूचं गुळगुळीत छप्पर निवडतात, कारण त्यावरून बर्फ घसरून जातो. सगळा खटाटोप घरातली ऊब आत राहावी आणि वरचं ओझं पेलावं यासाठी.

आपलं काय? हवामान खात्याचं कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या चौकाला आजही सिमला ऑफिस म्हणतात. पुण्याचा बर्फाशी संबंध तेवढाच. इथे वर्षाचा पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने छप्पर ऊन खातं. एप्रिल 2019 च्या अखेरीस शिवाजीनगरचा पारा 43 अंशांवर गेला होता. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस येतो तो आधी धूळ आणि वारा घेऊनच.

तेव्हा पुण्याच्या छपराची परीक्षा आधी उन्हाची, मग वाऱ्याची, मग पाण्याची. आपण मात्र फक्त पाण्याचा विचार करतो, कारण गळती दिसते.

वाऱ्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण यात माणसं जखमी होतात. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भाराचं जे भारतीय मानक आहे, त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरला साधारण नव्वद किलोंइतका होतो. गंमत बघा, फूटभर दबलेल्या बर्फाचं ओझंही तेवढंच. फरक एवढाच की बर्फ छपराला खाली दाबतो आणि वारा ते वर उपटतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम चार-साडेचार किलो. त्यावर चार विटा, एक जुना टायर आणि फरशीचा तुकडा ठेवून तो थांबणार आहे का? उलट त्या विटाच खाली कुणाच्या तरी डोक्यात पडायच्या. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा पुणे जिल्ह्यातही पत्रे उडाले.

म्हणून फॅब्रिकेटरला पत्र्याचा रंग विचारण्याआधी तो पत्रा कशाला धरून ठेवणार हे विचारा. आडवे पाइप किती अंतरावर, खांब स्लॅबला कसे बसवणार (नुसते कठड्याला वेल्डिंग करून टेकवलेले नकोत), कडेच्या ओळीत स्क्रू जवळजवळ घेणार का. छपराच्या कडा आणि कोपरे यांवर ओढ सर्वांत जास्त असते, पत्रा उडायला सुरुवात तिथूनच होते. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्र्यांच्या जोडांची तोंडं त्याला पाठ करून घ्यायची, हे चांगल्या कारागिराला ठाऊक असतं. पण वळवाचं वादळ बऱ्याचदा पूर्वेकडून उठतं, तेव्हा चारही कडा सारख्याच पक्क्या हव्यात. स्क्रूखालचा रबरी वॉशर उन्हात तडकतो आणि मग थेंब थेंब गळती सुरू होते. तिथे ईपीडीएमचा वॉशर मागा, फरक काही रुपयांचाच पडतो. भोकं पाडल्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात नव्या पत्र्यावर गंजाचे ठिपके उमटतात.

आता पत्रा कुठला. साधा जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जी.आय. पत्रा स्वस्त पडतो. ज्याला बाजारात गॅल्व्हल्यूम म्हणतात त्याच्या लेपात 55 टक्के ॲल्युमिनियम असतं, बाकी मुख्यतः जस्त; तो गंजाला जास्त दाद देत नाही. त्यावर रंग चढवला की प्रीकोटेड. ओलं सिमेंट मात्र या लेपाला खातं, तेव्हा शेजारी गिलावा चालू असेल तर शिंतोडे लगेच धुऊन टाका. राहत्या घरावर गॅल्व्हल्यूमचा प्रीकोटेड पत्रा घ्या असंच मी सांगेन, आणि रंग पांढरा किंवा अगदी फिकट. निळा आणि लाल पत्रा दुकानात छान दिसतो. मे महिन्यातल्या दुपारी गडद पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि खालच्या खोलीची भट्टी करतो. पांढरा पत्रा ऊन परतवतो आणि घेतलेली उष्णता लवकर सोडतोही. चकचकीत उघडा पत्रा ऊन परतवतो खरा, पण तापला की लवकर निवत नाही.

पत्र्याच्या जाडीत सर्रास फसवणूक होते. "पॉइंट फाइव्हचा आहे साहेब" हे वाक्य तुम्ही ऐकालच. तो अर्धा मिलिमीटर निव्वळ पोलादाचा की लेप आणि रंग धरून, हे विचारा. दोन्हींत फरक असतो आणि तो दरात लपवतात. कोटेशनवर पोलादाची जाडी, लेपाचं वजन (चौरस मीटरला किती ग्रॅम) आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. पत्र्याच्या खालच्या बाजूला छापलेला मजकूर माल उतरवताना वाचा. मायक्रोमीटर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

सिमेंटचे पत्रे आजही विकले जातात, आणि त्यांतल्या बहुतेकांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक आहेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युरोपीय संघात 2005 पासून त्यावर बंदी आहे, आपल्याकडे विक्री चालू आहे. नवीन घालू नका. जुने असतील आणि धड असतील तर घाबरून उचकटायला जाऊ नका. धोका आहे तो ते कापताना, भोकं पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. काढायचेच असतील तर आधी भिजवून, न तोडता, अख्खे उतरवा. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही. आणि तुकडे करून अंगणात भरावाला टाकू नका, लोक हेच करतात.

कौलांबद्दल मला प्रेम आहे, हे लपवत नाही. मंगळूरला बाझेल मिशनने 1865 मध्ये कारखाना काढला आणि तिथून आलेली चपटी कौलं नळीच्या देशी कौलांना हटवून पेठांमध्येही पोचली. वाड्यांवरची बरीच कौलं अजून शाबूत आहेत. कौल तापतं हळू, फटींतून गरम हवा वर निघून जाते, आणि एखादं फुटलं तर तेवढंच बदलता येतं. शंभर चौरस फुटांना दीडशेच्या आसपास कौलं लागतात आणि त्यांच्या वजनामुळे वाऱ्याला ती सहजासहजी हलत नाहीत. पण माकडं आहेत, मांजरं आहेत, दरवर्षी मे महिन्यात घर शाकारून घ्यावं लागतं, आणि शाकारणारा माणूस आता शोधावा लागतो. तो तुमच्याकडे येत असेल, वासे आणि रिपा कुजलेल्या नसतील, तर कौलं उतरवू नका. केवळ शेजाऱ्याने पत्रा घातला म्हणून उतरवणं हा वेडेपणा आहे.

स्लॅबवर राहणाऱ्यांनी पत्रे टाकण्याआधी गळती कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा दोष कठड्याच्या कडेला, नाहीतर पाइपाच्या तोंडाशी असतो. कोब्याचा उतार बिघडला असेल तर डागडुजी होते. जुन्या कोब्यावरच नवा कोबा चढवू नका, कारण चार-साडेचार इंचांचा विटांचा कोबा चौरस मीटरला दोनशे किलोंच्या आसपास भरतो आणि स्लॅब तेवढ्या दुप्पट ओझ्यासाठी बांधलेला नसतो. वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक केलं तर पाणीही अडतं आणि ऊनही. पत्रे टाकायचेच तर चारही बाजू मोकळ्या ठेवा. बाजू बंद केल्या की वारा खेळत नाही, आणि कायद्याने ती बेकायदा खोली ठरते. सोसायटीचा ठराव आणि महापालिकेच्या बांधकाम विभागाकडे चौकशी, दोन्ही काम सुरू होण्याआधी.

पर्वती, येरवडा, दांडेकर पूल इथल्या वस्त्यांमध्ये ज्यांच्या डोक्यावर एकच पत्रा आहे आणि बदलायला पैसे नाहीत, त्यांनी मार्चमध्ये वरून पांढरा रंग मारावा. अहमदाबादेत 2017 पासून वस्त्यांतल्या छपरांवर हा प्रयोग झाला आहे. खोली दोन ते पाच अंशांनी निवते. चुना पहिल्या पावसात धुऊन जातो, छपरासाठीचा खास रंग काही वर्षं टिकतो. पत्र्याखाली थर्मोकोल चिकटवू नका. तो पेट घेतो आणि वितळून अंगावर पडतो.

गारांचं विचाराल तर त्या पुण्यातही पडतात, 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्याने बघितली आहे. पण शहरात गारांनी पत्र्याला पोचे पडतील, जुनं कौल फुटेल, सोलर हीटरच्या काचनळ्या जातील. तेवढ्यासाठी छपराचा प्रकार बदलायची गरज नाही. विजेची सोलर पॅनेलं 25 मिलिमीटरच्या बर्फाच्या गोळ्यांचा मारा करून तपासलेली असतात. ती बसवायची असतील तर छप्पर आधी नीट करा. पॅनेल पंचवीस वर्षं चालतं, त्याखालचा पत्रा दहा वर्षांत गंजला तर सगळं दोनदा उतरवावं लागेल.

मुळशी-लोणावळ्याकडचं गणित मात्र वेगळं. लोणावळ्यात पुण्याच्या पाचपटीहून अधिक पाऊस पडतो. तिथे उतार तीव्र घ्या, वळचण लांब काढा, पन्हळ मोठी ठेवा. शिंगल्स घालायचेच तर तिथे, खाली धड स्लॅब आणि पक्का जलरोधक थर असेल तरच. तरी चार महिन्यांच्या ओलीत त्यावर शेवाळ धरणार हे गृहीत धरा. पुणे शहरात गडद शिंगल्स हा पैसे देऊन विकत घेतलेला उकाडा आहे.

आणि एक विनंती. काम 15 मेच्या आत संपवून घ्या, कारण त्यानंतर कारागीर धावपळीत काहीही करतो. होजपाइपने छपरावर अर्धा तास पाणी मारा, खाली उभं राहून प्रत्येक जोड बघा, आणि मगच शेवटचा हप्ता द्या.