आधी फूटपट्टी, मग पिकअप

आमच्या शेजारी नववीत शिकणारा एक मुलगा राहतो. दिवाळीच्या सुट्टीत त्याने साठवलेल्या पैशांतून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार विकत घेतली, साडेचार हजारांना. पहिल्याच आठवड्यात तिला 'डबडे' ही पदवी मिळाली. कोणी म्हणाले, ही सुरात राहणारच नाही, चांगल्या कंपनीची घे. कोणी म्हणाले, हिचे पिकअप बदल, पाच-सहा हजारांत काम होईल. साडेचार हजारांच्या वाद्याला सहा हजारांचे पिकअप! मुलगा हिरमुसून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, विकून टाकू का?"

मी म्हटले, "विक. पण त्याआधी घरातली पोलादी टेप घेऊन ये."

विद्यार्थी मित्रांनो, माझे मत आधीच सांगून टाकतो. स्वस्त गिटारीत जे वाईट असते, ते बहुतेक वेळा लाकडात किंवा चुंबकात नसते. ते मिलिमीटरात असते. कारखान्यात एका वाद्यावर किती मिनिटे खर्च करायची, यावर त्याची किंमत ठरते. स्वस्त वाद्याच्या वाट्याला शेवटची जुळवाजुळव येत नाही. ती जुळवाजुळव घरी करता येते आणि तिला पैशांपेक्षा मोजमाप जास्त लागते. म्हणून पैसे खर्च करण्याआधी मोजा.

आम्ही काय मोजले ते सांगतो. गिटारीच्या दांडीच्या वरच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिला गिटारवाले नट म्हणतात. आपले सतारवाले तिला मेरू म्हणतात. खाली अंगावर ब्रिज, म्हणजे घोडी. मधल्या धातूच्या पट्ट्या म्हणजे पडदे, अर्थात फ्रेट. या गिटारीची तारेची लांबी 648 मि.मी. असायला हवी होती. बाराव्या पडद्यावर तार दाबली की वरच्या सप्तकातला तोच स्वर मिळतो, कारण तार निम्मी होते. म्हणजे नटपासून बारावा पडदा 324 मि.मी.वर हवा. तो बरोबर तिथेच होता. पण बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंतचे अंतर पाचव्या तारेखाली भरले 320 मि.मी. चार मिलिमीटरची चोरी!

आता गणित करा. मोकळ्या तारेची लांबी 644, बाराव्या पडद्यावर दाबल्यावर उरली 320. गुणोत्तर 2 यायला हवे, ते आले 2.0125. मोकळी तार 110 हर्ट्‌झला लावली तर वरचा स्वर 220 ऐवजी 221.4 हर्ट्‌झ येतो. एखाद्या खऱ्या 220 हर्ट्‌झच्या स्वराबरोबर तो वाजवला, तर सेकंदाला साधारण दीड वेळा आवाज मोठा-लहान होताना ऐकू येईल. पुस्तकात ज्याला विस्पंद म्हणतात ते हेच. शिवाय तार पडद्यावर दाबताना ती किंचित ताणली जाते, त्यामुळे स्वर आणखी चढतो. म्हणूनच घोडी 324 वरही नको, जाड तारांना त्याहून दोन-तीन मि.मी. मागेच हवी. प्रत्येक तारेखाली एक छोटा स्क्रू असतो. आम्ही तो फिरवला, तार पुन्हा लावली, मोबाईलवरच्या फुकट ट्यूनरवर पाहिले, पुन्हा फिरवला. सहा तारांना एक तास लागला. खर्च शून्य. 'सुरात न राहणारी' गिटार त्या संध्याकाळी सुरात होती.

पडद्यांचे अंतर कसे ठरते, हेही याच वेळी पाहून घ्या. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे, म्हणजे प्रत्येक पायरीला कंप्रता 1.05946 पटीने वाढवायची. ही संख्या स्वतःलाच बारा वेळा घेऊन गुणली की 2 येतात. पूर्वीचे कारागीर उरलेल्या लांबीला 18ने भागून पुढचा पडदा बसवीत. अचूक भाजक आहे 17.817. म्हणून 648च्या तारेला पहिला पडदा नटपासून 36.4 मि.मी.वर येतो. वर्गमूळ-घनमूळ कशाला शिकायचे असे विचारणाऱ्याच्या हातात एक गिटार आणि एक टेप द्यावी, असे मला फार दिवसांपासून वाटते.

नंतर नट पाहिला. युक्ती अशी: तार तिसऱ्या पडद्यावर दाबा आणि पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते बघा. जेमतेम एका कागदाची हवी. कागद केवढा जाड असतो? वहीची पन्नास पाने दाबून धरा, जाडी फूटपट्टीने मोजा, पन्नासने भागा. आमच्या वहीचे पान 0.1 मि.मी.च्या आसपास भरले. या गिटारीत मात्र पोस्टकार्डाएवढी फट होती. म्हणजे पहिल्या दोन पडद्यांवर तार जास्त वाकत होती आणि तिथलेच स्वर चढे येत होते. बारीक कानशीने खाच थोडी-थोडी खोल केली. थोडी-थोडी हा शब्द दोनदा लिहिला, कारण एक घासा जास्त झाला की नट बदलावा लागतो. पहिली खाच मी केली, उरलेल्या पाच त्याने. शेवटी खाचेत पेन्सिलीचे शिसे घासले. ग्रॅफाइटमुळे तार अडकत नाही आणि खुंटी पिळल्यावर 'टक्‌' असा आवाज येणे थांबते.

मिरजेच्या सतारमेकरांना हे काही नवे नाही. तिथे जवारी काढणारा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. त्याचे हत्यार कानस, आणि उपकरण कान.

पडद्यांच्या कडांचा मुद्दा आमच्या जिल्ह्याचा खास आहे. 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर, बोलताना अजूनही नगर, असा हा आमचा जिल्हा बराचसा पर्जन्यछायेत आहे. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी होते की दाराच्या फळ्यांत फटी पडतात. दांडीचे लाकूडही रुंदीत आक्रसते, धातूचे पडदे मात्र आहेत तेवढेच राहतात. मग त्यांची टोके बाहेर डोकावतात आणि बोटे ओरखडतात. लोक म्हणतात, गिटार हलकी! अहो, गिटार हलकी नाही, हवा कोरडी आहे. ही टोके मे महिन्यात घासावीत. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असताना घासली, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बाहेर येणार. अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर राहणाऱ्याने मात्र स्वतःचे कॅलेंडर स्वतः बनवावे. तिथला पाऊस आणि आमचा पाऊस यांची तुलनाच नको.

आता त्या बहुचर्चित पिकअपकडे वळू. तारांखाली जी डबी दिसते तिच्यात चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. पोलादी तार वर थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. मायकेल फॅरडेने 1831 मध्ये हेच दाखवले. (त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी नगरला आले. दोन घटनांचा काडीचा संबंध नाही. पण सन लक्षात ठेवायला बरे.) नायलॉनची तार लावली तर हे पिकअप मुके होईल, करून पाहा. गिटारीच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर वादक अजून भांडतात. मी त्या भांडणात पडत नाही, कारण चार मिलिमीटरच्या चुकीवर भांडायला जागाच नसते.

आणि हे उद्योग परदेशी आहेत असेही समजू नका. वरातीत वाजणारा बेंजो पाहिला आहे ना? टाइपरायटरसारखी बटणे असलेली ती पेटी मूळची जपानची. 1912 मध्ये नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी ती काढली. आपल्याकडे ती बुलबुलतरंग झाली, बेंजो झाली आणि पुढे तिच्या तारांखाली पिकअप बसवून भोंग्याला जोडली गेली. मंडपात उभे राहून डाख देणाऱ्या त्या वादकांना कोणी संशोधक म्हटले नाही. म्हणायला हवे होते.

इंग्लंडमधले एक उदाहरण तर प्रसिद्धच आहे. ब्रायन मे नावाच्या शाळकरी मुलाला चांगली गिटार परवडत नव्हती. 1963 मध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांबरोबर ती घरीच बनवायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी, तारा ढिल्या-ताठ करणाऱ्या यंत्रणेला मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पडद्यांवरच्या खुणांना शिंपल्याची बटणे. हीच गिटार घेऊन तो पुढे 'क्वीन' या वाद्यवृंदात जगभर वाजवत फिरला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. मे यांनी 2007 मध्ये सौरमालेतल्या धुळीवर प्रबंध लिहून खगोलभौतिकीत डॉक्टरेटही मिळवली. पण मला त्या कथेतला एक बारीक तपशील सर्वांत आवडतो. त्यांनी पिकअपही आधी घरीच बनवले होते. तार बाजूला ओढली की त्यातून नको तो आवाज यायचा. कारण समजले, मग त्यांनी तयार पिकअप विकत आणून बसवले. म्हणजे विकत घेणे वाईट नाही. काय बिघडले हे कळण्याआधी विकत घेणे वाईट.

आमच्या गिटारीला घरघरही होती. घरातल्या वायरिंगमधून 50 हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो आणि वेटोळे त्याचाही आवाज पकडते. 1955 मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी यावर दुहेरी पिकअपचा उपाय काढला. दोन वेटोळी, त्यांचे वेढे आणि चुंबक एकमेकांच्या उलट. तारेचा आवाज दोन्हींत एकाच दिशेने येतो आणि बेरीज होते. घरघर उलट दिशांनी येते आणि वजा होते. आमच्यासारख्यांनी आतल्या पोकळीला तांब्याचा चिकट पत्रा लावून तो आतल्या सामाईक तारेला जोडावा. पत्रा पिकअपच्या किंवा बटणाच्या दुसऱ्या टोकाला टेकू देऊ नये, नाहीतर घरघरीबरोबर गिटारही गप्प होईल. टोनच्या बटणाला जोडलेला कंडेन्सर 0.022 किंवा 0.047 मायक्रोफॅरडचा असतो. तो काही रुपयांत मिळतो आणि त्याची किंमत नव्हे, मूल्य महत्त्वाचे. दोन्ही लावून ऐका आणि कानाला बरा वाटेल तो ठेवा.

एक गोष्ट मात्र गमतीने घेण्यासारखी नाही. गिटारीत तयार होणारा विद्युत्‌दाब क्षुल्लक असतो, तिला उघडायला भिण्याचे कारण नाही. पण अ‍ॅम्प्लिफायर उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये विद्युतभार राहू शकतो. आणि गिटारीच्या तारा आतून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात हे विसरू नका. अर्थिंग ठीक असेल तर ती सोय आहे. ते नसेल आणि अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड असेल, तर तारांत वीज उतरते. 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे लेस्ली हार्वे हा तरुण गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला. गणपतीच्या मांडवात तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून तो कोंबलेला मी स्वतः पाहिला आहे.

शिक्षकांनाही एक विनंती. सोनोमीटर बऱ्याच शाळांत कपाटात असतो आणि तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी बाहेर येतो. वर्गातल्या एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे गिटार, बेंजो, निदान भजनी मंडळाची एकतारी असेलच. ती वर्गात आणू द्या. लांबी निम्मी केली तर कंप्रता दुप्पट, ताण चौपट केला तर दुप्पट. हे नियम तिच्यावर मोजून दाखवता येतात. आणि तिला डबडे म्हणू नका. मुलाने स्वतःच्या पैशांनी आणलेली वस्तू हलकी ठरवली, की तो तिला हात लावायचे सोडतो.

आमच्या मुलाचे काम अजून पुरे झालेले नाही. पत्रा लावायचा आहे, दोन पडदे उंच आहेत, आणि दांडीला किंचित पीळ असावा असा मला संशय आहे. तो खरा निघाला तर त्यावर घरगुती उपाय नाही, हेही त्याला सांगून ठेवले आहे. पण परवा त्याने स्वतः एक शोध लावला. त्याच्या खोलीतल्या सॉकेटला तिसरे भोक आहे, तार मात्र नाही. वायरमनने ते दाखवले, त्याने विचारले म्हणून. रविवारी अर्थिंगची तार ओढायची ठरली आहे. तोपर्यंत गिटार अ‍ॅम्प्लिफायरविनाच वाजते आहे, आणि भिंतीपलीकडून मला बारीकशी ऐकू येते.