खर्च माझा, पाना त्यांचा

आमच्या कमिटीचं नवं फर्मान: प्लंबिंगचं कुठलंही काम सोसायटीच्याच प्लंबरकडून, तेसुद्धा अर्ज देऊन. कुठलंही म्हणजे नळाचा वॉशर बदलायचं पण! अहो, मुख्य कॉक बंद करा, पाना फिरवा, वॉशर टाका, टेफ्लॉन टेप गुंडाळा. दहा मिनिटांचं काम. अर्ज लिहायलाच जास्त वेळ जातो.

आता लगेच 'माझं घर, माझी मर्जी'वाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. तुमचाही मला तेवढाच राग येतो. तुमची फरशी हे खालच्याचं छत असतं, मंडळी. हौसेने बाथरूमच्या टाइल्स फोडणारा वीर त्याखालचं वॉटरप्रूफिंगही फोडतो आणि पाणी मुरतं दुसऱ्याच्या घरात. खांब-बीमची तर बातच सोडा. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तिथे परवानगी हवी, स्ट्रक्चरल इंजिनिअर हवा, सगळं हवं.

पण म्हणून वॉशरला?

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत वाटणी चक्क लिहून ठेवली आहे. गच्ची, सामाईक पाइप, पावसाची गळती संस्थेच्या खर्चाने. घरातल्या संडास-सिंकची गळती सभासदाच्या. म्हणजे खर्च माझा, जबाबदारी माझी, आणि पाना मात्र तुमच्या माणसाचा? (त्याचे दर कोण ठरवतं, हे विचारायचं नाही म्हणे.)

त्याच उपविधींत दुरुस्ती निधी आहे, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के. इमारत 15 वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि 30 च्या पुढे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिटही आहे. आमची बिल्डिंग एकोणीस वर्षांची. ऑडिटचा रिपोर्ट मागितला तर सेक्रेटरीकाका चष्मा पुसायला लागतात. गच्ची दोन पावसाळे गळतेय, तिला मात्र 'पुढच्या मीटिंगमध्ये बघू'.

असो. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. मी ठराव देतोय: नळ, फ्लश, सिंकखालचा पाइप यांना परवानगी नको. फरशी, भिंत फोडायची असेल तर लेखी परवानगी आणि खालच्या शेजाऱ्याला आठ दिवस आधी कल्पना. आणि ऑडिट रिपोर्ट नोटीस बोर्डावर, वॉशरच्या फर्मानाशेजारी. अनुमोदक शोधतोय.